नाशिकच्या यादीने लंडन

लंडनला जाऊन आलेल्या बहुतेक मराठी मंडळींकडे एकसारखेच फोटो असतात. टॉवर ब्रिज, लंडन आय, मादाम तुसाँचे मेणाचे पुतळे आणि बकिंगहॅम पॅलेसच्या कुंपणाबाहेरची गर्दी. यात दोष कुणाचाच नाही. चाळीस माणसं एका बसमधून फिरवायची म्हटली की यादी ठरलेलीच असणार. एकट्याने जाणाऱ्याची मात्र एक मोठी सोय असते. यादी आपली आपण करावी आणि ती कुणाला पटवत बसू नये.

माझी यादी देवळाली कॅम्पात बसून झाली. मी नाशिक रोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेली बाई. ‘प्रेस’ म्हटलं की आमच्याकडे वर्तमानपत्र कुणाच्या डोळ्यांपुढे येत नाही. इंडिया सिक्युरिटी प्रेस आणि शेजारची करन्सी नोट प्रेस, एवढाच त्याचा अर्थ. माझी सगळी नोकरी छापलेली शीट तपासण्यात गेली. राहायला लॅम रोडला. तिथून सावरकरांचं भगूर रिक्षाने दहा-पंधरा मिनिटांवर. रेंजवर तोफांचा सराव सुरू झाला की घरातली तावदानं थरथरतात. पाहुणे दचकतात, आम्ही चहा पीत राहतो.

या तिन्ही गोष्टींचा माग काढत गेलं, तर तो लंडनला जाऊन पोचतो. आमची प्रेस निघायच्या आधी हिंदुस्थानची तिकिटं आणि नोटा तिकडे छापल्या जात. भगूरचा मुलगा बॅरिस्टर व्हायला तिकडे गेला. तोफखान्याचे पहिले धडे तिकडचे. शिवाय काळाराम मंदिराचा सत्याग्रह नाशकात चालू असताना बाबासाहेब लंडनमध्ये गोलमेज परिषदेला बसले होते. तेव्हा मी ठरवलं, राजाराणीचं लंडन इतरांनी बघावं. आपण नाशिकचं लंडन बघून यायचं.

“एकटीच?” हा प्रश्न घरच्यांनी विचारला, शेजारणींनी विचारला आणि हीथ्रोवरच्या अधिकाऱ्यानेही विचारला. त्याने माझा पासपोर्ट दिव्याखाली धरला, पान तिरकं करून बघितलं, अंगठ्याने कागद चाचपला. ती पुस्तिका आमच्याच प्रेसमधली. इतकी वर्षं आम्ही शीट तपासत होतो ती कुणाच्या हाताखाली जाणार आहेत, ते त्या दिवशी समोर दिसलं. त्याने शिक्का मारला आणि मला उगाचच पास झाल्यासारखं वाटलं.

उतरायला फिट्झरॉय स्क्वेअरवरची इंडियन वायएमसीए बरी पडली. भारतीय विद्यार्थ्यांसाठी १९२० साली सुरू झालेली ही संस्था आजही चालू आहे आणि आपल्यासारख्या प्रवाशांनाही खोली मिळते. थाट काही नाही, पण जेवणात डाळ-भात असतो आणि एकटं माणूस टेबलावर एकटं राहत नाही. समोर हैदराबादचा डॉक्टर, बाजूला कोचीची नर्स, पलीकडे इथेच जन्मलेला म्हातारा गोरा पाहुणा. त्याला मी देवळालीची म्हटल्यावर तो खुदकन हसला. मायदेशी नेणाऱ्या जहाजाची वाट बघत ब्रिटिश सोल्जर आमच्या कॅम्पात महिनोन्‌महिने पडून राहत आणि उन्हाने, कंटाळ्याने त्यांचं डोकं फिरे. त्यावरून ‘डूलॅली’ म्हणजे सटकलेला, असा शब्द इंग्रजीत रुजला. मीही हसून घेतलं आणि आमटी वाढून घेतली.

फिरायला बस. तिथल्या बसमध्ये रोख पैसे चालत नाहीत. कार्ड टेकवायचं आणि चढायचं. मी गेले तेव्हा कुठूनही कुठेही जायला पावणेदोन पौंड पडत आणि तासाभरात दुसरी बस घेतली तर तिचे वेगळे पैसे लागत नसत. भुयारी रेल्वे झटपट पोचवते, पण शहर दाखवत नाही. वरच्या मजल्यावरची अगदी पुढची सीट मिळाली की सगळा रस्ता आपलाच. मे महिन्याच्या अखेरीस रात्री नऊपर्यंत उजेड असतो. एकट्या बाईने जायचं तर हाच मोसम साधावा, कारण परतीचा रस्ता अंधारात शोधावा लागत नाही.

पहिल्यांदा गेले ती ब्रिटिश लायब्ररीत. सेंट पँक्रास स्टेशनच्या बाजूला लाल विटांची ही इमारत आहे. आत शिरायला पैसे पडत नाहीत. आत एक जुनं यंत्र ठेवलेलं आहे, पर्किन्सचं. जगातलं पहिलं पोस्टाचं तिकीट, १८४० सालचं ‘पेनी ब्लॅक’, अशा यंत्रावर छापलं गेलं. येणारे-जाणारे त्याच्याकडे लोखंडाचा सांगाडा म्हणून नजर टाकतात आणि पुढे जातात. मी मात्र तिथून हलले नाही. कोरलेल्या पोलादी प्लेटवर शाई चोपडायची, वरची पुसून काढायची, खोबणीत उरेल तेवढीच कागदाने उचलायची. इंटाग्लिओ छपाईचं हे तत्त्व आमच्या नोटांनाही तेच. यंत्रं बदलली, शाई बदलली, वेग कुठल्या कुठे गेला, पण नोटेवर बोट फिरवल्यावर जो खरखरीतपणा लागतो त्याचं मूळ या हाताने फिरवायच्या चाकात आहे.

पेनी ब्लॅकच्या एका शीटमध्ये २४० तिकिटं. आडव्या ओळीत १२ आणि अशा २० ओळी. तेव्हाच्या एका पौंडात २४० पेनी, म्हणजे पूर्ण शीट बरोबर एका पौंडाचं. पोस्टातल्या कारकुनाला हिशेब तोंडपाठ. प्रत्येक तिकिटाच्या खालच्या दोन कोपऱ्यांत अक्षरं, ती ओळ आणि जागा सांगणारी. वॉटरमार्क छोट्या मुकुटाचा. दातेरी कडा नव्हत्याच, तिकिटं कात्रीने कापून विकत. काळ्या तिकिटावरचा लाल शिक्का पुसून लोक तेच तिकीट पुन्हा वापरू लागले, म्हणून १८४१ मध्ये तिकिटाचाच रंग तांबडा केला आणि शिक्का काळा. बनावट करणाऱ्याच्या पुढे एक पाऊल राहायचं, हा आमच्या धंद्याचा नियम तिकिटाच्या पहिल्याच वर्षी लागू झाला तो असा.

त्याच इमारतीत तिकिटांचा संग्रह आहे. उभ्या चौकटी कपाटातून ओढून बाहेर काढायच्या आणि बघून परत सरकवायच्या. टॅपलिंग नावाच्या खासदाराने जमवलेली आणि १८९१ मध्ये त्याच्यामागे ब्रिटिश म्युझियमला मिळालेली तिकिटं हा यातला मोठा ठेवा. सगळ्या हिंदुस्थानासाठीची तिकिटं प्रथम १८५४ मध्ये कलकत्त्याला शिळाप्रेसवर छापली गेली. त्यातलं चार आण्यांचं तिकीट दोन रंगांचं होतं. चौकट लाल, राणीचं डोकं निळं. म्हणजे प्रत्येक शीट यंत्राखालून दोनदा जायचं. काही शीट दुसऱ्या खेपेला उलटी घातली गेली आणि राणी डोक्यावर उभी राहिली. ती चुकीची तिकिटं आज जगात दुर्मिळ मानतात आणि लिलावात त्यांना अफाट किंमत येते. आमच्याकडे असं शीट दिसलं की ते मोजून, नोंद करून, नष्ट करायला जाई. हाताखालून सुटलं असतं तर मेमो ठरलेला. कुणाची तरी ढिलाई पुढे खजिना ठरते, हे तपासणीच्या टेबलावर बसणाऱ्याला पचायला जरा जड जातं.

कलकत्त्यानंतर हे काम लंडनच्या डी ला रू कंपनीकडे गेलं आणि आमची प्रेस निघेपर्यंत तिच्याकडेच राहिलं. तिचा कारखाना बनहिल रो या रस्त्यावर होता. १८६५ पासून हिंदुस्थानच्या तिकिटांच्या कागदात हत्तीच्या डोक्याचा वॉटरमार्क असे, पुढे ताऱ्याचा आला. नोटा बँक ऑफ इंग्लंड छापून पाठवी. तिचा छापखानाही विसाव्या शतकात जवळच, ओल्ड स्ट्रीटवर होता. म्हणजे भगूरच्या पोस्टात पत्राला चिकटणारं तिकीट आणि नाशिकच्या सराफाच्या तिजोरीतली नोट, दोन्ही लंडनच्या एकाच भागातून बोटीने यायची. डी ला रूचा कारखाना १९४० च्या बॉम्बहल्ल्यात गेला. बनहिल रोवर मी या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले. ऑफिसच्या इमारती आहेत, सँडविचची दुकानं आहेत आणि शेजारी बनहिल फील्ड्स ही जुनी दफनभूमी. तिथे कवी ब्लेक आणि ‘रॉबिन्सन क्रूसो’वाला डीफो विसावलेले आहेत. ऑफिसांतली पोरं थडग्यांशेजारच्या बाकांवर बसून डबा खातात. मीही खाल्ला.

तिकिटं छापायचं काम १९२५ मध्ये नाशिक रोडला आलं. १९२८ मध्ये करन्सी नोट प्रेस सुरू झाली आणि तिथली पहिली नोट पाच रुपयांची. १९३१ मध्ये नवी दिल्ली राजधानी म्हणून सुरू झाली, तेव्हा निघालेली चित्रांची तिकिटं नाशिकचीच. बँक ऑफ इंग्लंडचं म्युझियम बार्थोलोम्यू लेनमध्ये आहे, तेही फुकट. तिथे काचेच्या पेटीत हात घालून १३ किलोची सोन्याची वीट उचलून बघता येते. मी एका हाताने प्रयत्न केला आणि मनगट वाकलं. मागची शाळकरी पोरं हसली. पण त्या विटेपेक्षा मला जुन्या नोटांच्या काचेपुढे जास्त वेळ लागला. कारागिराने एका रेघेत किती रेघा लपवल्यात, ते मोजायची खोड निवृत्तीनंतरही जात नाही.

मग भगूरचा माग. हायगेट ही उत्तर लंडनमधली टेकडी. आर्चवे स्टेशनला उतरायचं आणि चढ चढायचा. दम लागतो. क्रॉमवेल अ‍ॅव्हेन्यू हा घरांघरांचा शांत रस्ता, फुटपाथला झाडं, दारापुढे कचऱ्याचे डबे. ६५ नंबरचं घर इतरांसारखंच आहे. आत लोक राहतात, बघायला जाता येत नाही. भिंतीवर एक गोल निळी पाटी. विनायक दामोदर सावरकर, १८८३ ते १९६६, हिंदी देशभक्त आणि तत्त्वज्ञ, इथे राहत होते, अशा अर्थाची. ग्रेटर लंडन कौन्सिलने ती १९८५ मध्ये लावली.

श्यामजी कृष्णवर्मांनी या घरात इंडिया हाउस सुरू केलं. उद्‌घाटन १ जुलै १९०५ ला हिंडमन या इंग्रज समाजवादी पुढाऱ्याने केलं. हिंदी विद्यार्थ्यांना राहायला जागा मिळत नसे, त्यांच्यासाठी हे वसतिगृह. श्यामजींच्या शिवाजी शिष्यवृत्तीसाठी टिळकांनी सावरकरांचं नाव सुचवलं आणि १९०६ मध्ये ते इथे आले. नाशकात तिळभांडेश्वर गल्लीत सावरकरांच्या गुप्त मंडळाचं जे काम चालू होतं, ते हायगेटच्या टेकडीवर सुरू झालं. इथे राहून त्यांनी १८५७ वरचं पुस्तक लिहिलं, तेही इंडिया ऑफिसच्या ग्रंथालयातले सरकारी कागद वाचून. राज्य करणाऱ्याच्याच दप्तरातून त्याच्याविरुद्धचा पुरावा काढला. ते सगळं दप्तर आता ब्रिटिश लायब्ररीत आहे, सुमारे १४ किलोमीटर लांबीच्या फडताळांवर. ओळखपत्र दाखवून वाचकाचा पास काढला की कुणालाही मागवून वाचता येतं.

समोरच्या फुटपाथवर मी उभी होते. कुत्रा फिरवायला निघालेल्या बाई थांबल्या. “तुम्ही त्या पाटीसाठी आलात ना? लोक येतात अधूनमधून,” म्हणाल्या. मी म्हटलं, त्यांचं गाव माझ्या घरापासून जवळ आहे. त्यांना ते कोण होते याचा पत्ता नव्हता. मी थोडक्यात सांगितलं. त्या म्हणाल्या, “म्हणजे आमच्या सरकारला नको असलेला माणूस. आणि पाटी आम्हीच लावली.” कुत्र्याला घाई होती, त्या गेल्या.

आर्चवेहून व्हिक्टोरिया स्टेशनला ३९० नंबरची बस जाते. मी मुद्दाम तीच घेतली आणि वरची पुढची सीट पकडली. वाटेत यूस्टनच्या पलीकडे युनिव्हर्सिटी कॉलेज. मदनलाल धिंग्रा तिथे इंजिनिअरिंग शिकत होता. १ जुलै १९०९ च्या रात्री साउथ केन्सिंग्टनच्या इम्पीरियल इन्स्टिट्यूटमध्ये, जहांगीर हॉलमधला कार्यक्रम संपता संपता, त्याने कर्झन वायली या इंग्रज अधिकाऱ्याला गोळ्या घातल्या. हॉलचं नाव मुंबईच्या पारशी घराण्याचं, हेही लक्षात ठेवण्यासारखं. १७ ऑगस्टला पेंटनव्हिलच्या तुरुंगात त्याला फाशी झाली. ते इन्स्टिट्यूट पुढे पाडलं, पण त्याचा उंच मनोरा तिथल्या इम्पीरियल कॉलेजच्या आवारात अजून उभा आहे. मी नंतर तिथे गेले तेव्हा त्या मनोऱ्याखाली पोरं हिरवळीवर लोळून अभ्यास करत होती.

त्याच वर्षी नाशकात काय चाललं होतं, ते इथे उभं राहून जुळवून बघावं. जूनमध्ये सावरकरांचे थोरले भाऊ बाबाराव यांना जन्मठेप, काळं पाणी. त्यांचा खटला पुढे पाठवणारा कलेक्टर जॅक्सन. २१ डिसेंबरला त्याच्या निरोपासाठी विजयानंद नाटकगृहात ‘शारदा’चा प्रयोग लावला होता. तिथे अनंत कान्हेरेने त्याच्यावर गोळ्या झाडल्या. त्या कटातली ब्राउनिंग पिस्तुलं लंडनहून आली, असा सरकारचा आरोप होता. १३ मार्च १९१० ला सावरकर पॅरिसहून परतले आणि व्हिक्टोरिया स्टेशनवर उतरताच पकडले गेले. सव्वा महिन्यात, १९ एप्रिलला, कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेले. ३९० ची बस व्हिक्टोरियाच्या बाहेर थांबते. प्लॅटफॉर्मवर विमानतळाला निघालेल्या माणसांच्या चाकाच्या बॅगा खडखडत असतात. मला तिथे काही शोधायचं नव्हतं. हायगेट ते व्हिक्टोरिया हे अंतर किती, एवढंच बसून मोजायचं होतं. एका सकाळच्या फेरीचं निघालं.

हॉबर्न भागात ग्रेज इन आहे. सावरकर परीक्षा पास झाले, पण त्यांना बॅरिस्टरची सनद याच संस्थेने नाकारली. १९२२ मध्ये डॉ. आंबेडकरांना ती इथेच मिळाली. एकाच कमानीखालून नाशिकशी जोडलेली दोन माणसं गेली, एकाला दार बंद झालं, एकाला उघडलं. संस्थेची बाग कामाच्या दिवशी दुपारच्या सुट्टीत लोकांना खुली असते. काळ्या कोटातले वकील गवतावर बसून जेवतात. त्यांना विचारलं तर रस्ता नीट दाखवतात.

चॉक फार्मच्या बाजूला १०, किंग हेन्रीज रोड. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब इथे राहिले. महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये हे घर विकत घेतलं आणि तिथे स्मारक केलं. शेजाऱ्यांच्या तक्रारींमुळे म्युझियमच्या परवानगीचा वाद काही काळ चालला, शेवटी २०२० मध्ये परवानगी मिळाली. आत शिरायला पैसे नाहीत. खोल्या लहान, जिना अरुंद. लंडनमधल्या साध्या घरात असतो तेवढाच ऐसपैसपणा. मी गेले तेव्हा नागपूरचं एक कुटुंब आलेलं होतं. आजी दारातच चपला काढून, हात जोडून उभ्या राहिल्या. नातवाने सांगितलं, “आजी, इथे चपला चालतात.” आजी म्हणाल्या, “तुला चालतात.”

इथे राहून बाबासाहेबांनी जो प्रबंध लिहिला त्याचा विषय रुपया. ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ १९२३ मध्ये लंडनमध्येच प्रसिद्ध झाला आणि त्यावर लंडन विद्यापीठाची डी.एस्सी. मिळाली. रुपयाचा भाव पौंडाच्या दोरीने बांधून ठेवण्याच्या सरकारी पद्धतीवर त्यात कडक टीका आहे. चलन किती काढायचं याची मोकळीक सरकारच्या हातात राहिली की झळ गरिबाला लागते, हा त्यातला मुद्दा. ज्या शहरात बसून ते हे लिहीत होते, त्याच शहरात तेव्हा रुपयाच्या नोटा छापल्या जात होत्या. पाच-सहा वर्षांत ती छपाई नाशिकला आली. आणि आमच्या तपासणीच्या हॉलमध्ये अशा कितीतरी बाया होत्या, ज्यांच्या आज्या-आजोबांनी काळारामाच्या सत्याग्रहात लाठ्या खाल्ल्या. त्या स्मारकातल्या वहीत मी मराठीत एवढंच लिहिलं.

२ मार्च १९३० ला काळारामाचा सत्याग्रह सुरू झाला. त्याच नोव्हेंबरात पहिली गोलमेज परिषद लंडनला भरली. सत्याग्रह दादासाहेब गायकवाड आणि नाशिकची माणसं चालवत होती. बाबासाहेब सेंट जेम्स पॅलेसमध्ये बैठकांना बसत होते. सेंट जेम्सच्या लाल विटांच्या दरवाजाशी पर्यटक पहारेकऱ्याबरोबर फोटो काढतात. मी तिथे उभी राहून रामकुंडाकडून मंदिराकडे जाणारा बोळ आठवला. देवळाच्या दाराशी अडवलेला माणूस राजवाड्यात आपल्या लोकांच्या वतीने बोलत होता, हे लक्षात घेतल्याशिवाय ती इमारत नुसती इमारतच आहे.

तोफखान्यासाठी वूलविचला गेले. एलिझाबेथ लाइनने थेट जाता येतं. १७१६ मध्ये ब्रिटिश तोफखान्याच्या पहिल्या तुकड्या इथे उभ्या राहिल्या. फाळणीनंतर काकूलचं तोफखाना स्कूल पाकिस्तानात गेलं आणि आपलं देवळालीत आलं. आमच्या कॅम्पाला आजचा चेहरा त्याने दिला. वूलविचचं मात्र उलटं झालं. तोफखान्याचं मुख्य ठाणं गेलं, जुन्या शस्त्रागाराच्या इमारतींत महागडे फ्लॅट झाले. नदीकाठी तोफा मांडून ठेवल्यात, त्यांच्यावर पोरं चढतात. तिथे कानाला पहिल्यांदा काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. तोफांचं गाव आणि आवाज नाही.

एकटेपण म्हणाल तर ते संध्याकाळी सहानंतर येतं. दुकानं मिटायला लागतात, माणसं घोळक्याने पबबाहेर उभी राहतात आणि आपण परतीच्या बसची वाट बघत असतो. यावर माझा उपाय ठरलेला होता. यूस्टनजवळ ड्रमंड स्ट्रीटवर भारतीय हॉटेलं आहेत, तिथे जाऊन गरम काहीतरी खायचं आणि उद्याचा रस्ता कागदावर लिहून काढायचा. एका शनिवारी डॉलिस हिलच्या महाराष्ट्र मंडळात गेले. १९३२ पासूनचं मंडळ. तिथे सिन्नरची एक मुलगी भेटली, दहा वर्षं लंडनला आहे. “काकू, एवढी वर्षं राहून मी हायगेटला गेले नाही,” म्हणाली. तिला म्हटलं, मीसुद्धा निवृत्त होईपर्यंत भगूरचा वाडा आतून बघितला नव्हता. जवळचं राहूनच जातं.

लंडनकडून घेण्यासारखं माझ्या मते एकच आहे, त्या निळ्या पाट्या. ही कल्पना १८६० च्या दशकातली आणि पहिली पाटी १८६७ मध्ये कवी बायरनच्या घराला लागली. आज शहरभर हजाराहून जास्त आहेत. नियम सोपे आहेत. माणूस जाऊन वीस वर्षं झालेली असावीत आणि तो ज्या इमारतीत राहिला किंवा काम केलं ती उभी असावी. पुतळा नाही, बाग नाही, उद्‌घाटनाचा मांडव नाही. नाव, सालं आणि एक ओळ. मेडा व्हेलला १०, हाउली प्लेसवर लोकमान्य १९१८-१९ मध्ये राहिले, तिथे १९६१ ची पाटी आहे आणि तिच्यावरही सावरकरांच्या पाटीवरचेच शब्द, देशभक्त आणि तत्त्वज्ञ. ज्यांना या राज्याने तुरुंगात डांबलं, त्यांची नावं त्याच राज्याच्या राजधानीत घरांवर आहेत. यात मोठेपणा किती आणि सवय किती, हे मला ठरवता येत नाही. पण रस्त्याने जाणाऱ्याला त्यामुळे कळतं, हे खरं.

देवळाली कॅम्पातही अशा पाट्या लावता येतील. लॅम रोडचे जुने बंगले, पारशी-गुजराती सॅनेटोरियमं, फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांनी उभी केलेली बाजारपेठ, देवळाली स्टेशन, प्रेसची जुनी फाटकं. एका पाटीला स्टीलचा एक पत्रा आणि दोन ओळींचा खरा मजकूर लागतो. कॅन्टोन्मेंट बोर्ड, प्रेसच्या कामगार संघटना आणि नाशिकची वाचनालयं यांनी मिळून मजकूर तपासला तर चुका होणार नाहीत. तपासायला माझ्यासारखी निवृत्त माणसं फुकट मिळतील.

आणि ज्यांना लंडनला एकट्याने जायचंय, त्यांनी व्हिसाचा अर्ज भरण्याआधी एवढं करावं. भगूरचा वाडा, तिळभांडेश्वर गल्ली, काळाराम मंदिर आणि बाबासाहेबांशी जोडलेली येवल्याची मुक्तिभूमी बघून घ्यावी. मग तिकडची यादी आपोआप होते आणि त्यातली बहुतेक ठिकाणं फुकट आहेत.